म्हाताऱ्या माणसाला ॲम्ब्युलन्समधून नेताना काय चुकतं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

जांबोटीवाट

नमस्कार. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडं घरोघरी ऐंशीच्या पुढची माणसं आहेत आणि मुलं बेळगाव, गोवा नाहीतर पुण्याला. दुखणं आलं की १०८ लावतात. पण एकदा ॲम्ब्युलन्समधून गेलेलं म्हातारं माणूस दुसऱ्या वेळी गाडीत चढायलाच तयार नसतं. तक्रारी सगळीकडं त्याच: उताणं झोपवलं म्हणून जीव घुसमटला, काखेत धरून उचललं, आत काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, भोंग्यात काही ऐकू आलं नाही, लघवी लागली तर सांगायची लाज वाटली. अशा भीतीनं दोन-दोन दिवस दुखणं अंगावर काढतात आणि मग वेळ हातातून जाते.

यातलं घरच्यांच्या हातात किती आहे? फोनवर काय सांगायचं, गाडी येईपर्यंत काय करायचं, आत बसल्यावर काय बघायचं? या कामातल्या लोकांनी लिहावं, ऐकीव नको.

ट्रॉलीब्रेक

बरंच काही घरच्यांच्या हातात आहे, आणि त्यातलं बहुतेक गाडी दारात येण्याआधीचं आहे.

फोनपासून सुरू करतो. १०८ लागल्यावर आधी जिल्हा, तालुका, गाव, मग देवळाची किंवा शाळेची खूण, आणि त्यानंतर दुखणं सांगा. लोक नेमकं उलटं करतात. दुखण्याची हकिकत सांगता सांगता रेंज जाते आणि १०८ च्या केंद्राकडं पत्ताच उरत नाही. समोरचा माणूस बहुधा कन्नडमध्ये बोलेल. हिंदी चालते, तरी घाईत चार वाक्यं तोंडात असलेली बरी: श्वासाचा त्रास असेल तर ‘उसिराटद तोंदरे इदे’, छातीत दुखत असेल तर ‘एदे नोवु’, शुद्ध नसेल तर ‘प्रज्ञे इल्ल’, पडले असतील तर ‘बिद्दिद्दारे’, अर्धांग झालं असेल तर ‘लकवा होडेदिदे’. वय न विसरता सांगा. फोन केला तो नंबर मोकळा ठेवा, कारण वाट विचारायला गाडीचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, त्याच नंबरवर फोन करतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातले त्या फोनवरून पाहुण्यांना कळवत असतात. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. गल्लीतल्या मोटरसायकली, ट्रॅक्टरची ट्रॉली बाजूला काढा, कुत्रं बांधा, सोप्यातला दिवा लावा, कॉट भिंतीपासून दोन हात पुढं ओढा. कॉटच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहू शकला तरच नीट उचलता येतं.

आता उचलणं. काखेत हात घालून ओढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उतारवयात कातडी कागदासारखी पातळ होते, नुसत्या बोटांच्या पकडीनं दंडाची साल निघते. खांद्याचे स्नायुबंध झिजलेले असतात, हाडं ठिसूळ असतात. माणसाला धरून उचलायचं नाही, चादरीला धरून उचलायचं. जाड चादर किंवा सोलापुरी घ्या, लांबीत अर्धी गुंडाळा, माणसाला कुशीवर वळवून पाठीला लावा, परत दुसऱ्या कुशीवर वळवून पलीकडून ओढून घ्या. मग दोन्ही कडा अंगाला टेकेपर्यंत घट्ट वळत आणा. कडा लांब राहिल्या की मधे झोळी होते आणि पाठ वाकते. चार माणसं लागतात, वजनदार असेल तर सहा. हुकूम एकानंच द्यायचा, आणि तो डोक्याकडच्या माणसानं.

जुन्या घरांत माडीचा जिना इतका उभा असतो की त्यावरून स्ट्रेचर येत नाही. तिथं खुर्ची. लाकडी, सरळ पाठीची. प्लॅस्टिकची अजिबात नको, तिरकी धरली की तिचे पाय फाकतात. छातीवरून आणि मांड्यांवरून दोन रुंद पंचे बांधा, हात आत घ्या, नाहीतर घाबरून कठडा धरतात आणि सगळेच कोलमडतात. खुर्ची मागं कललेली, तोंड उताराकडं, एक जण पाठीला, एक पुढच्या पायांना, तिसरा पुढच्या माणसाच्या मागं उभा राहून पायरी सांगणारा. त्याआधी मिनिट-दोन मिनिटं कॉटवर पाय सोडून बसवा. पडून राहिलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब घसरतो आणि जिन्याच्या तोंडावरच घेरी येते. मात्र लकवा किंवा पडून मार लागलेला असेल तर बसवायचं नाही, तिथं चादरच.

स्थितीबद्दल एक गोष्ट घट्ट धरा: दम लागलेल्या माणसाला उताणं झोपवू नका. हृदय कमजोर असेल तर छातीत पाणी साठलेलं असतं, आडवं केलं की ते फुप्फुसभर पसरतं. गाडीतल्या ट्रॉलीची, म्हणजे चाकांच्या स्ट्रेचरची, पाठ उभी होते, खटका डोक्याकडच्या बाजूला असतो. ईएमटीला (गाडीत रुग्णाजवळ बसणारा शिकलेला माणूस) स्पष्ट सांगा, “ह्यांना बसूनच बरं वाटतं, रात्रीही दोन-तीन उश्या लागतात.” त्या एका वाक्यातून त्याला निम्मं निदान कळतं.

पोक आलेल्या माणसाचं वेगळं. सपाट झोपवलं की डोकं हवेत लोंबतं, मान मागं पडते आणि श्वास अडतो. चेहरा सरळ छताकडं येईल इतके टॉवेल डोक्याखाली द्या, गुडघ्यांखाली एक उशी. टणक बोर्ड किंवा स्कूप (मधून दुभंगणारं कडक स्ट्रेचर) असेल तर तो उचलण्यापुरताच. ट्रॉलीवर ठेवला की काढून घ्यायला सांगा. माकडहाड आणि टाचा यांवर सतत दाब राहिला की कातडी आतून मरायला लागते. ती जखम दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दिसते आणि सगळे गादीला दोष देतात.

पडल्यावर एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चाला. पाय ओढून सरळ करायचा नाही. दोन्ही पायांत उशी घालून मांडी, गुडघा, घोटा अशा तीन ठिकाणी रुंद कापडानं दोन्ही पाय एकत्र बांधा. ह्या रुग्णाला वेगाची गरज नसते, धक्का न लागण्याची असते. पायलटला तसं सांगा, आणि गतिरोधक आला की त्यानं आधी ओरडून सांगावं असं ठरवा. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि त्यांनी पाडलेले खड्डे, ह्यात खुब्याच्या रुग्णाची यातना शब्दांत सांगता येत नाही. घाई कुठं करायची? लकवा, छातीतलं दुखणं, श्वास आणि थांबत नसलेलं रक्त.

औषधचिठ्ठी

वर उचलण्याचं सगळं आलंय, मी माहितीचं लिहिते.

म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर आजार वेगळ्या तोंडानं येतो. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ, दम किंवा “हातापायातलं बळ गेलं” एवढंच. रक्तदाबाचंही तसंच. रोज १७० असणाऱ्याचा ११० दिसला तर यंत्रावर तो चांगला वाटतो, पण त्या माणसासाठी तो पडलेला आहे. पासष्टीच्या पुढं मार लागलेल्या माणसाचा वरचा आकडा ११० च्या खाली असेल तर धोक्याचा समजतात. त्यात मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर आत रक्तस्राव होत असतानाही नाडी ८० च्या पुढं जात नाही. म्हणून ईएमटीला “बीपीची गोळी आहे” एवढं सांगून भागत नाही. कुठली गोळी आणि रोजचा आकडा किती, हे सांगावं लागतं.

यावर उपाय म्हणजे एक पुठ्ठा. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, मराठीत लिहिलेलं बेळगावच्या कॅज्युअल्टीत (दवाखान्याच्या तातडीच्या विभागात) प्रत्येकाला वाचता येईलच असं नाही. नाव, वय, रक्तदाब-साखरेचे रोजचे आकडे, औषधांची नावं मिलिग्रॅमसकट, कशाची ॲलर्जी, पेसमेकर आहे का, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी) कुठल्या हाताला (त्या हाताला बीपीचा पट्टा किंवा सुई नको), आणि ठळक अक्षरात रक्त पातळ करणारी गोळी. वॉरफरिन, ॲसिट्रॉम किंवा क्लोपिडोग्रेल घेणारा माणूस डोक्यावर पडला तर तो बोलतोय, चहा मागतोय, तरीही सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायचा. मेंदूभोवतीचं रक्त हळूहळू साठतं. हा पुठ्ठा कपाटात नको, कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवा. सोबत जुना ईसीजी ठेवा. आजच्या ईसीजीतला बदल नवा की पाच वर्षांपूर्वीचा, हे त्यावाचून कळत नाही.

लकव्यात एकच वेळ महत्त्वाची: शेवटचं धड कधी पाहिलं. “सकाळी सहाला उठवायला गेलो तेव्हा तोंड वाकडं होतं” यातले सहा धरत नाहीत. रात्री दहाला नीट बोलले असतील तर दहा धरतात. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी झाल्यावर. म्हणून जवळच्या लहान दवाखान्यात थांबून सलाइन लावून घेण्यात घालवलेला तास परत येत नाही. लकव्यात तोंडात काहीही घालू नका, ॲस्पिरिनसुद्धा नाही. छातीच्या दुखण्यात ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून देतात, पण तेही १०८ च्या केंद्रातल्या डॉक्टरांना फोनवर विचारून. ॲलर्जी, पोटातला अल्सर, रक्तस्राव असेल तर नाहीच.

साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध नसेल तर ओठांना पाणीही लावू नका, ते श्वासनलिकेत जातं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर वर आल्यावरही दवाखान्यात न्यायलाच हवं, त्या गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा पडते.

जांबोटीवाट

पुठ्ठ्याचं आजच करतो. दोन शंका आहेत. चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायका आमच्याकडं पुष्कळ. त्यांना गाडीत ऑक्सिजन कमी ठेवतात आणि घरचे भांडतात, “पूर्ण सोडा.” बरोबर कोण? आणि भीमगडच्या रानातल्या गावांतून पावसाळ्यात माणसाला झोळीतून उचलून आणतात, ते कसं करावं?

औषधचिठ्ठी

ऑक्सिजनच्या बाबतीत ईएमटी बरोबर. वर्षानुवर्षं धुरानं फुप्फुसं खराब झालेल्या माणसाला भरमसाट ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, “बघा, शांत झोप लागली.” ती झोप नसते. अशा रुग्णाचं बोटाचं मीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं) ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. इतरांचं ९४ ते ९८. साधारण नाकातल्या नळीनं मिनिटाला १ ते २ लिटरवर सुरुवात करून आकडा बघत वाढवतात. आकडा ८८ च्या खालीच राहिला तर मात्र वाढवायलाच हवा, तिथं भीती धरून बसायचं नाही. बोटं गार पडली असतील किंवा नखांना मेंदी असेल तर मीटर चुकतं, बोट चोळून गरम करा किंवा कानाच्या पाळीला लावा. घरचं नेब्युलायझर गाडी येईपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही.

ट्रॉलीब्रेक

झोळीबद्दल. झोळीत माणूस कमरेत दुमडतो. दमेकऱ्याला आणि खुबा मोडलेल्याला दोघांनाही ती वाईट. दम असेल तर लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी लांब कळक बांधा आणि चौघांनी खांद्यावर घ्या, माणूस बसलेला राहतो. मोडलेलं असेल तर दोन कळकांमध्ये पोती ताणून बसवा: पोत्याच्या तळाचे दोन्ही कोपरे कापायचे, कळक आत घालायचे, तीन पोती एकापुढं एक, आणि दोन आडव्या काठ्या बांधून कळक फाकलेले ठेवायचे. वर घोंगडं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, पण तोंडावर नाही. म्हातारं शरीर भिजलं की झपाट्यानं गार पडतं, आणि गार पडलेल्याचं रक्तही लवकर गोठत नाही. ओले कपडे गाडीत चढवण्याआधीच बदला, एसी बंद करायला सांगा. डांबरी रस्त्याला नेमकं कुठं येणार ते निघण्याआधीच १०८ ला सांगून ठेवा, म्हणजे दोन्हीकडची वाट एकाच वेळी कापली जाते.

निपाणीनाका

सीमेवरच्या लोकांसाठी वेगळं लिहायला हवं. मोबाइल ज्या टॉवरला लागलेला असतो त्या बाजूच्या केंद्राला १०८ चा कॉल जातो. कुद्रेमनी, बेक्किनकेरे किंवा निपाणीच्या कागल बाजूला घरातून महाराष्ट्राचा टॉवर लागला तर फोन पलीकडं उचलला जातो. दोन्ही राज्यांचा नंबर १०८ च, म्हणून कळतही नाही. फोन लागताच पहिलं वाक्य “कर्नाटक, बेळगाव जिल्हा”. केंद्र पलीकडचं निघालं तर तिथंच वाद घालत बसू नका. इकडच्या केंद्राला जोडून द्या म्हणा, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावा. तालुका दवाखान्याचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा थेट नंबर त्या पुठ्ठ्यावर लिहा.

दुसरं, कुठं न्यायचं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या पुढं. कागवाड-अथणीकडच्यांना मिरज जवळचं. पण १०८ साधारणपणे आपल्याच राज्यातल्या जवळच्या योग्य दवाखान्यात नेते, सीमा ओलांडेल असं धरून चालू नका. पलीकडंच न्यायचं ठरलं असेल तर खासगी गाडी, आणि तिचं बोलणं आजार नसताना करून ठेवा. विचारायचं ते असं: दर किलोमीटरचा की फेरीचा, परतीचं भाडं धरलंय का, थांबण्याचे तासाला किती, ऑक्सिजन वेगळा का, सोबत शिकलेला माणूस येणार की नुसता ड्रायव्हर. टोलच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका, राष्ट्रीय महामार्गावर ॲम्ब्युलन्सला टोल माफ आहे.

ऑक्सिजन स्वतः मोजा. गाडीतला नेहमीचा बी टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण १५०० लिटरचा. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर १५० मिनिटं, ५ असेल तर ३००. काटा निम्म्यावर असेल तर निम्मं धरा. प्रवास दीड तासाचा असेल तर तीन तासांचा साठा हवा, कारण महामार्गावरची कामं आणि कॅज्युअल्टीच्या दारातली वाट दोन्ही त्यातच येतात. चावी फिरवून काटा डोळ्यांनी बघा, “फुल आहे” या शब्दावर जाऊ नका.

आणि गाडी उंच घ्या. ओम्नी-ईकोसारख्या बुटक्या गाडीत स्ट्रेचरची पाठ पूर्ण उभी केली तर डोकं छताला लागतं. मग ड्रायव्हर पाठ खाली करतो, आणि दमाचा माणूस तासभर आडवा जातो. पाच-सातशे रुपये वाचवायला ही किंमत फार मोठी आहे.

शुश्रूषा_बेळगाव

आजी-आजोबा पुन्हा गाडीत का चढत नाहीत, याचं निम्मं कारण ऐकू न येणं हे आहे. पाठीवर पडलेल्या माणसाला फक्त छत दिसतं. डोक्यामागून कुणीतरी बोलतं, अचानक दंडाला पट्टा आवळतो, बोटाला सुई टोचते. ज्याला कमी ऐकू येतं त्याला हा हल्लाच वाटतो, आणि हात झटकला की “पेशंट को-ऑपरेट करत नाही” असं लिहिलं जातं. चष्मा आणि कानाचं यंत्र काढून घरी ठेवू नका. कवळी नीट बसत असेल तर शुद्धीवरच्या माणसाच्या तोंडातच राहू द्या, मास्कही नीट बसतो. सैल असेल किंवा गुंगी असेल तर काढून नाव लिहिलेल्या डबीत. सोबत बसणाऱ्यानं चेहऱ्यासमोर यायचं, आवाज वाढवण्यापेक्षा खाली आणायचा (वयात आधी चिरका स्वर ऐकू येईनासा होतो) आणि हात लावण्याआधी सांगायचं: “आज्जी, आता दंडाला पट्टा आवळणार, थोडं दाबेल.” रस्ता मोकळा असेल तर भोंगा बंद ठेवता येतो का, हे पायलटला विचारायला संकोच नको.

सोबत कोण बसावं? जो रडतोय तो नव्हे, आणि ज्याला फक्त पैसे माहीत आहेत तोही नव्हे. ज्याच्या हातून रोजच्या गोळ्या जातात तो, मग ती सून असो की शेजारीण. मुलगा मागून मोटरसायकलवर येऊ दे. एका दिवसात अचानक भ्रम झालेला माणूस “वयामुळं” बरळत नसतो, त्यामागं लघवीचा संसर्ग, कमी झालेलं सोडियम, साखर, काहीही असू शकतं. “परवापर्यंत हिशेब सांगत होते” हे वाक्य डॉक्टरपर्यंत पोचलं पाहिजे आणि ते ह्याच माणसाला माहीत असतं.

रुग्णाने आपल्या शेवटाबद्दल काही सांगून ठेवलं असेल तर तेही इथंच लिहिते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ च्या सुधारणेनं वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. पण तो कागद बघून ॲम्ब्युलन्समधला ईएमटी छाती दाबायचं थांबवणार नाही. तो निर्णय दवाखान्यातली दोन वैद्यकीय मंडळं घेतात. ज्यांना घरीच शांतपणे जायचंय त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी आणि सगळ्या मुलांशी बोलून ठेवावं, म्हणजे रात्री दोनला घाबरून कुणी १०८ लावणार नाही.

लघवीचं. निघण्याआधी भांडं द्या किंवा डायपर बांधा, आणि ते घरच्या बाईमाणसानं आडोसा करून. गाडीतल्या परक्या माणसासमोर आमच्या आज्ज्या दीड तास कळ सोसतील, पण बोलणार नाहीत.

जांबोटीवाट

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर? पिशवी पोटावर ठेवून नेतात ते बरोबर आहे का?

शुश्रूषा_बेळगाव

नाही. पोटावर ठेवली की पिशवीतली जुनी लघवी नळीतून परत मूत्राशयात उतरते आणि संसर्ग होतो. आधी पिशवी रिकामी करा. उचलण्यापुरता नळीला चिमटा लावा, कारण त्या वेळी पिशवी वर-खाली होणारच. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावा, नाहीतर चादर ओढताना तीही ओढली जाते आणि नळी आत अडकवून ठेवणारा फुगा मूत्रमार्गाला फाडतो. ट्रॉलीवर ठेवल्यावर पिशवी बाजूच्या दांडीला, मूत्राशयापेक्षा खाली पण जमिनीला न टेकणारी. पट्टा आवळताना नळी त्याखाली सापडली नाही ना, ते बोट फिरवून बघा. आणि चिमटा लगेच काढा. तो विसरला तर तासाभरात पोट फुगतं, माणूस तळमळायला लागतो, आणि बोलता येत नसेल तर ते का, हे कुणालाच कळत नाही. चिमटा लावणाऱ्यानंच तो काढायचा, असं आधी ठरवून ठेवा.